विश्लेषण : वर्ग एकच, पगार वेगवेगळे, शिक्षकाचा पगार नेमका ठरतो कशावर?

‘शिक्षकांना काय कमी आहे, पन्नास हजार पगार आणि वर भरपूर सुट्ट्या,’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्याच वेळी मुंबईच्या आझाद मैदानावर ‘हक्काचा पगार द्या’ म्हणत पावसात बसलेले शिक्षकही दिसतात. मग खरे काय? खरे दोन्ही आहे, कारण ‘शिक्षकाचा पगार’ असा एकच आकडा महाराष्ट्रात नाही.

समजा, एकाच तालुक्याच्या गावात चार शिक्षक आहेत. चौघेही पाचवीला शिकवतात आणि चौघांची पात्रता सारखी आहे. पहिला जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम झाला आहे. त्याचा सुरुवातीचा एकूण पगार ४८ हजारांच्या वर जातो. दुसरा त्याच शाळेत यंदा लागलेला शिक्षणसेवक आहे. त्याला १६ हजार रुपये मिळतात. तिसरा ४० टक्के अनुदान मिळालेल्या खासगी शाळेत आहे. त्याच्यासाठी सरकारकडून १९ हजारांच्या आसपास रक्कम येते. चौथी शिक्षिका विनाअनुदानित शाळेत आहे. तिला संस्था देईल तेवढे मिळते.

हा फरक शिकवण्याच्या दर्जामुळे पडत नाही आणि पदवीमुळेही फारसा पडत नाही. शाळा कोणत्या प्रकारची, नेमणूक कोणत्या तारखेची, पद कोणत्या वेतनश्रेणीचे आणि त्या पदाला मान्यता आहे का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर तो ठरतो. डीएड-बीएड करणाऱ्या तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी हे गणित नोकरी स्वीकारण्याआधी समजून घेणे गरजेचे आहे.

शाळांचे प्रकार किती आणि पगार कोण देते?

जिल्हा परिषद, महापालिका आणि नगरपालिकांच्या शाळा या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा. तेथील शिक्षकांना सरकारी वेतनश्रेणी लागू असते.

खासगी संस्थांच्या शाळांमध्ये मात्र अनेक पोटप्रकार आहेत. पूर्ण अनुदानित शाळेत मान्य पदांचा पगार सरकार देते; नेमणूक संस्थेची असली तरी पैसे जिल्ह्याच्या वेतन पथक कार्यालयामार्फत येतात. अंशतः अनुदानित शाळेत सरकार पगाराचा २०, ४०, ६० किंवा ८० टक्के हिस्सा देते. विनाअनुदानित शाळेत सरकारी हिस्सा शून्य असतो. याशिवाय २०१२ च्या कायद्यानुसार सुरू झालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहेत. त्यांना अनुदान कधीच मिळणार नाही, हे त्या कायद्यातच स्पष्ट आहे. गावोगावच्या नव्या इंग्रजी शाळांपैकी अनेक याच गटातील आहेत.

केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात. तेथे प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. आपल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. म्हणजे दोन्ही सरकारी नोकऱ्यांमध्येही मूळ वेतनातच सहा हजारांहून अधिक फरक आहे.

कोणत्या पदाला कोणती वेतनश्रेणी?

महाराष्ट्रात सध्या सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी लागू आहे. केंद्राने ती २०१६ मध्ये स्वीकारली. राज्यात बक्षी समितीच्या अहवालानंतर प्रत्यक्ष वाढीव पगार जानेवारी २०१९ पासून सुरू झाला. लाभ १ जानेवारी २०१६ पासून धरला गेला आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत देण्याचे ठरले.

डीएड (आताचे डीएलएड) पात्रतेच्या प्राथमिक शिक्षकाची श्रेणी एस-१० : मूळ वेतन २९,२०० ते ९२,३०० रुपये.

बीएड झालेल्या माध्यमिक शिक्षकाची, म्हणजे प्रशिक्षित पदवीधराची श्रेणी एस-१४ : ३८,६०० ते १,२२,८०० रुपये.

कनिष्ठ महाविद्यालयातील, म्हणजे अकरावी-बारावीच्या शिक्षकाची श्रेणी एस-१६ : ४४,९०० ते १,४२,४०० रुपये.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पगार माणसाच्या पदवीला नसतो, पदाला असतो. एमए, एमएड झालेला उमेदवार पहिली ते पाचवीच्या पदावर लागला, तर त्याला प्राथमिक शिक्षकाचीच श्रेणी मिळते. जास्तीची पदवी पुढे पदोन्नतीला उपयोगी पडू शकते, पण तिच्यामुळे पगार आपोआप वाढत नाही. जिल्हा परिषदेत सहावी ते आठवीला शिकवणाऱ्या सर्वच पदवीधर शिक्षकांना पदवीधर वेतनश्रेणी मिळत नाही, ही शिक्षक संघटनांची जुनी तक्रार आहे.

२९,२०० चे ४८ हजार कसे होतात?

मूळ वेतनावर भत्ते चढतात. त्यातला सर्वांत मोठा महागाई भत्ता. राज्य कर्मचाऱ्यांसाठी १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला ५५ टक्के दर धरून हिशेब करू. दर वाढला की खालचे आकडेही त्या प्रमाणात वाढतात.

मूळ वेतन २९,२०० रुपये. त्यावर ५५ टक्के महागाई भत्ता १६,०६० रुपये. ग्रामीण भागात १० टक्के घरभाडे भत्ता २,९२० रुपये. एकूण ४८,१८० रुपये. वाहतूक भत्ता याशिवाय.

याच पद्धतीने, ग्रामीण भागातील नव्याने कायम झालेल्या माध्यमिक शिक्षकाचे एकूण वेतन ६३,६९० रुपये आणि कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकाचे ७४,०८५ रुपये होते.

घरभाडे भत्ता शहराप्रमाणे बदलतो. मुंबई आणि पुण्यात तो ३० टक्के, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर यांसारख्या शहरांत २० टक्के आणि बाकी ठिकाणी १० टक्के आहे. त्यामुळे मुंबईतील प्राथमिक शिक्षकाला गावाकडच्या शिक्षकापेक्षा दरमहा ५,८४० रुपये जास्त मिळतात. मुंबईतले खोलीभाडे पाहता ही वाढ किती पुरते, हे मुंबईकर वाचकांना सांगायला नको.

ग्रामीण भागात या भत्त्याला मुख्यालयी राहण्याची अट जोडलेली आहे. शिक्षक नेमणुकीच्या गावी राहतो, असा ग्रामसभेचा ठराव त्यासाठी मागितला जातो. या ठरावावरून अनेक गावांत शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्यात वाद झाले आहेत.

आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना तेथे असेपर्यंत एकस्तर पदोन्नतीची वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरची श्रेणी मिळण्याची तरतूद आहे. तेथून बदली झाली की वेतन पुन्हा मूळ श्रेणीत येते. त्यामुळे मेळघाट किंवा गडचिरोलीतून बदलून आलेल्या शिक्षकाचा पगार वाढण्याऐवजी कमी झालेला दिसतो.

हातात किती पडतात?

४८,१८० रुपयांमधून राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे ४,५२६ रुपये कापले जातात. व्यवसाय कराचे दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) जातात. म्हणजे ४३,४५४ रुपये उरतात. त्यातून गटविम्याची कपात होते. शिक्षक पतसंस्थेचे कर्ज काढलेले असेल तर त्याचा हप्ताही पगारातूनच वळता होतो. त्यामुळे पगारपत्रकावरचा आकडा आणि बँकेतून आलेल्या मेसेजमधला आकडा यांत बरेच अंतर पडते.

पहिली तीन वर्षे १६ हजारच का?

राज्यात २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी न देता ठरावीक मानधन द्यायचे, अशी ही पद्धत आहे. त्या काळात महागाई भत्ता, घरभाडे भत्ता किंवा वार्षिक वेतनवाढ मिळत नाही.

एक दशकाहून अधिक काळ हे मानधन प्राथमिकला सहा, माध्यमिकला आठ आणि उच्च माध्यमिकला नऊ हजार रुपये होते. उच्च न्यायालयानेही इतक्या कमी मानधनाबद्दल प्रश्न उपस्थित केला. त्यानंतर १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार रुपये झाले.

कायम प्राथमिक शिक्षकाचा ४८,१८० रुपयांचा पगार आणि शिक्षणसेवकाचे १६ हजार यांतील फरक महिन्याला ३२,१८० रुपयांचा आहे. आजच्या दराने तीन वर्षांत तो साडेअकरा लाखांवर जातो. दोघांचा वर्ग, वेळापत्रक आणि जबाबदारी यांत मात्र काही फरक नसतो. घरापासून तीनशे-चारशे किलोमीटरवर नेमणूक मिळालेल्या शिक्षणसेवकाला खोलीभाडे, मेस आणि गावी येण्याजाण्याचा खर्च या १६ हजारांतूनच भागवावा लागतो.

पगार वाढतो कसा?

दरवर्षी साधारण ३ टक्के वेतनवाढ मिळते. वेतन तक्त्यात २९,२०० नंतर ३०,१०० आणि मग ३१,००० अशा पायऱ्या आहेत. मूळ वेतनात ९०० रुपये वाढले की त्यावरचे भत्तेही वाढतात, त्यामुळे ग्रामीण भागात प्रत्यक्ष वाढ सुमारे १,४८५ रुपयांची होते. महागाई भत्त्याचा दर वर्षातून दोनदा बदलतो. केंद्राने वाढ जाहीर केली की राज्य काही महिन्यांनी तीच वाढ लागू करते आणि मधल्या काळाची थकबाकी देते.

बारा वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते. प्राथमिक शिक्षकासाठी ती एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणीची तरतूद आहे, पण ती पात्र शिक्षकांपैकी २० टक्के पदांपुरतीच मर्यादित आहे. दोन्हींसाठी ठरवून दिलेले प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. ते वेळेवर झाले नाही की सेवेची वर्षे भरूनही लाभ रखडतो.

चांगले शिकवले, मुलांचा निकाल वाढला, शिष्यवृत्ती परीक्षेत विद्यार्थी चमकले म्हणून मासिक पगारात वाढ होत नाही. या रचनेत पगार सेवेच्या वर्षांनी वाढतो. मनमानीला आळा घालणे हा त्यामागचा हेतू आहे, पण मेहनती आणि कामचुकार शिक्षक एकाच पायरीवर चढत राहतात, ही टीकाही त्यामुळेच होते.

अंशतः अनुदानाचा गुंता काय आहे?

सर्वांत मोठी ओढाताण येथे आहे. राज्याने २००१ मध्ये धोरण बदलले आणि नव्या खासगी शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच परवानगी देण्यास सुरुवात केली. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळला गेला आणि या शाळांना अनुदानाची आशा निर्माण झाली. मग मूल्यांकन, पात्र शाळांच्या याद्या, त्रुटी आणि पुन्हा तपासणी असा प्रवास सुरू झाला. २० टक्के अनुदानाचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

याचा माणसाच्या आयुष्यात काय अर्थ होतो, ते पाहा. समजा, २००२ मध्ये पंचविसाव्या वर्षी एखादी शिक्षिका अशा शाळेत लागली. २० टक्क्यांचा निर्णय झाला तेव्हा ती ३९ वर्षांची होती. लग्न, मुलांची शाळा, घराचे कर्ज काढण्याचे वय हे सगळे तिने संस्थेच्या तुटपुंज्या मानधनावर काढले. निवृत्तीचे वय ५८ आहे. शंभर टक्के पगार मिळाला, तरी तो फार थोडी वर्षे मिळणार.

पुढचा प्रत्येक टप्पा आपोआप येत नाही. त्यासाठी स्वतंत्र शासन निर्णय लागतो आणि निर्णयानंतर अर्थसंकल्पात तरतूद लागते. याचे ताजे उदाहरण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२४ चा निर्णय. वाढीव टप्पा १ जून २०२४ पासून देण्याचे जाहीर झाले, पण निधी आला नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यभरातील शिक्षक आझाद मैदानावर जमले. त्यानंतर मंत्रिमंडळाने सुमारे ९७० कोटी रुपयांच्या तरतुदीला मंजुरी दिली आणि वाढीव टप्पा १ ऑगस्ट २०२५ पासून देण्याचे ठरले.

अंशतः अनुदानित शाळेत सरकारी हिस्सा सोडून उरलेला पगार संस्थेने देणे अपेक्षित आहे. मराठी माध्यमाच्या ग्रामीण शाळेत आठवीपर्यंत शुल्क नाममात्र किंवा शून्य असते. तेथे हा उरलेला हिस्सा बहुधा कागदावरच राहतो.

विनाअनुदानित शाळेने मनाला येईल तो पगार द्यायचा का?

कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू आहे. त्या नियमावलीत वेतनश्रेणी ठरवून दिल्या आहेत. एखाद्या शाळेतील वेतन त्यापेक्षा कमी असेल, तर ते त्या पातळीवर आणण्याचे लेखी निर्देश संस्थेला देण्याचा अधिकार शिक्षण संचालकांना आहे. अनुदान मिळत नाही, एवढ्या कारणाने शाळा या बंधनातून सुटत नाही. सीबीएसईच्या संलग्नता नियमांतही राज्य सरकारी शाळांतील समकक्ष पदांप्रमाणे किंवा सरकारने ठरवून दिल्याप्रमाणे वेतन देण्याची अट आहे.

प्रत्यक्षात या तरतुदीची अंमलबजावणी क्वचित होते. तक्रार केली की नोकरी जाण्याची भीती असते. बँकेत पूर्ण पगार जमा करून त्यातील काही रक्कम रोखीने परत घेतली जाते, अशा तक्रारी शिक्षक संघटना सातत्याने करतात. त्याचा पुरावा गोळा करणे अवघड असते.

येथे आणखी एक अडचण आहे. शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. ते प्रकरण गोव्यातील एका शिक्षिकेचे होते. त्यामुळे कारखान्यातील कामगाराप्रमाणे त्यांना कामगार न्यायालयाचा दरवाजा खुला राहिला नाही. महाराष्ट्रात शाळेने कामावरून काढले किंवा पदावनत केले, तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. वेतनाच्या तक्रारीसाठी मात्र शिक्षणाधिकारी, संचालक आणि शेवटी उच्च न्यायालय असा लांबचा रस्ता उरतो.

दोन हक्क अनेक खासगी शिक्षकांना माहीत नसतात. पहिला ग्रॅच्युइटीचा. २००९ च्या दुरुस्तीने तो ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांनाही लागू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. किमान पाच वर्षे सलग सेवा ही त्याची मुख्य अट आहे. दुसरा भविष्य निर्वाह निधीचा. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी शाळांना तो लागू होतो. आपल्या नावाने निधी जमा होतो का, हे शिक्षकाला मोबाइलवरही तपासता येते.

मुलांच्या पटाचा पगाराशी काय संबंध?

थेट संबंध आहे. अनुदान शाळेला मिळते ते मान्य पदांसाठी, आणि पदे ठरतात संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थीसंख्येवरून. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. पट घटला की पद कमी होते आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. अनुदानित शाळेतील अतिरिक्त शिक्षकाचे दुसरीकडे समायोजन होते. विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाची नोकरीच धोक्यात येते. दरवर्षी मे-जूनमध्ये शिक्षक घरोघर फिरून प्रवेशासाठी पालकांना विनवताना दिसतात, त्यामागे हेही कारण आहे.

पदाइतकीच महत्त्वाची आहे ती वैयक्तिक मान्यता. खासगी अनुदानित शाळेने नेमणूक दिली, तरी शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आणि त्यानंतर शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतील क्रमांक मिळाल्याशिवाय सरकारी पगार सुरू होत नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडी प्रकरण उघडकीस आले, अधिकाऱ्यांना अटक झाली आणि विशेष तपास पथक नेमले गेले. त्यानंतर राज्यभरात नेमणुकीची कागदपत्रे शालार्थवर अपलोड करून तपासण्याची मोहीम सुरू झाली. ज्यांची कागदपत्रे अपुरी, त्यांच्या पगारावर टांगती तलवार आहे.

टीईटीचा पगाराशी काय संबंध?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली आहे. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत काम करता येईल, पण परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला आहे.

१ नोव्हेंबर २००५ ही तारीख इतकी महत्त्वाची का?

या तारखेला किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी निवृत्तीवेतन योजना लागू नाही. त्याआधी पूर्ण अनुदानित पदावर लागलेल्या शिक्षकाला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या आधारे निश्चित निवृत्तीवेतन मिळते. नंतरच्यांच्या खात्यात त्यांचा १० टक्के आणि सरकारचा १४ टक्के हिस्सा जमा होतो आणि तो बाजारात गुंतवला जातो.

जुन्या निवृत्तीवेतनाच्या मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचारी आणि शिक्षकांनी आठवडाभर संप केला. त्यानंतर सरकारने सुधारित योजना जाहीर केली. शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तीवेतन आणि त्यावर महागाई भत्ता असा तिचा गाभा आहे.

यात सर्वांत जास्त अडकले ते २००५ पूर्वी लागलेले, पण शाळेला त्या तारखेनंतर शंभर टक्के अनुदान मिळालेले शिक्षक. नेमणूक धरायची की अनुदानाची तारीख, हा वाद न्यायालयापर्यंत गेला.

नोकरी स्वीकारण्याआधी काय विचारावे?

पहिला प्रश्न : शाळा अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित? ‘लवकरच अनुदान येणार आहे’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. शाळेला मिळालेला शासन निर्णय आणि त्यातील टक्केवारी पाहा. शाळा स्वयंअर्थसहाय्यित असेल, तर अनुदानाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न : पद संचमान्यतेत मंजूर आहे का आणि नेमणुकीची प्रक्रिया नियमानुसार आहे का? जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतील भरती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर पवित्र पोर्टलमार्फत होते. ती टाळून मागच्या दाराने मिळालेल्या नेमणुकीला मान्यता मिळताना अडचण येते.

तिसरा प्रश्न : नियुक्ती आदेश लेखी मिळणार का? त्यात पद, वेतनश्रेणी आणि रुजू होण्याची तारीख असायला हवी. पुढे मान्यता, वरिष्ठ श्रेणी, ग्रॅच्युइटी या प्रत्येक टप्प्यावर हाच कागद मागितला जातो.

चौथा मुद्दा पैशांचा आहे. नेमणुकीसाठी ‘देणगी’ मागणारी संस्था बेकायदा वागते. शेत विकून किंवा कर्ज काढून दिलेल्या त्या रकमेची पावती मिळत नाही, अनुदानाची हमी मिळत नाही आणि पट घटल्यावर पदाचीही हमी राहत नाही.

पुढे काय?

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाची स्थापना झाली असून निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत. अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. केंद्राच्या निर्णयानंतर राज्य आपला निर्णय घेईल. सातव्या आयोगाच्या वेळी या दोन निर्णयांत सुमारे अडीच वर्षांचे अंतर होते.

नवा आयोग लागू झाला की कायम शिक्षकाचा पगार वाढेल. अंशतः अनुदानित शिक्षकाला त्या वाढीचा सरकारी टक्क्याएवढाच हिस्सा मिळेल. शिक्षणसेवकाचे मानधन स्वतंत्र निर्णयाशिवाय वाढणार नाही, आणि विनाअनुदानित शाळेतील शिक्षिकेच्या पगारात वाढ होईलच असे नाही. म्हणजे पाचवीच्या त्या चार वर्गांमधले अंतर येत्या काही वर्षांत कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता जास्त आहे. पुढच्या वेळी कुणी ‘शिक्षकांना काय कमी आहे’ म्हणाले, तर आधी एवढेच विचारायला हवे : कोणत्या शिक्षकांना?